गच्चीवरचा निळा ड्रम

“यमुताई, रविवारच्या मीटिंगच्या आधी हा ड्रम खाली गेला पाहिजे. अख्ख्या जिन्यात वास येऊन राहिला.” सोसायटीचे सेक्रेटरी सुमंत नाकाला रुमाल लावूनच गच्चीवर आले होते.

यमुताईंनी ड्रमचं झाकण दाबून बसवलं. रामदासपेठेतल्या या इमारतीत चार घरचा स्वयंपाक करता करता त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. किती साली, किती देठं कचरागाडीत गेली, याची हळहळ अख्ख्या इमारतीत या एकट्या बाईला. लहानपण भिवापूरला, मिरचीच्या वावरात गेलेलं. आता राहायला एक खोली आणि माती म्हणाल तर चपलेला लागेल तेवढी. म्हणून तर ओल्या कचऱ्याचं खत करायला सोसायटीकडून हट्टानं ड्रम मागून घेतला होता. माहेरचं मिरचीचं बी डबीत जपून ठेवलेलं. खत झालं की कुंड्या भरायच्या होत्या.

गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या सुमतीबाई मदतीला धावल्या. “संत्र्याच्या सालींनी आंबलं असंन, दुसरं काय!”

सबब आयती होती. मान हलवली असती तरी भागलं असतं.

“संत्र्याले काहून बोल लावता, बाई?” यमुताई म्हणाल्या. “चूक माही हाय, साहेब. तुमच्या घरच्या वाढदिवसाचा मटणाचा रस्सा उरला होता, पातेलंभर. अन्न फेकवत नाही मले. म्याच ओतला त्यात.”

“रविवारी पाहू,” म्हणून सुमंत उतरले.

त्या दुपारी यमुताईंनी ड्रम गोणपाटावर उपडा केला. आत अळ्या वळवळत होत्या. वास असा, की पदर नाकाला बांधावा लागला. तेलकट, कुजका भाग हातानं वेचून बाजूला काढला. मग गल्लीतला कडुनिंबाचा वाळका पाला दोन पोती भरून चार मजले वर आणला, थराथरानं घातला. स्वतःचा राग येत होता. एका पातेल्यापायी सगळं हातचं जात होतं. रोज काम संपवून त्या ड्रम ढवळत राहिल्या.

रविवारी सुमंतांनी झाकण उघडलं, वाकून वास घेतला, रुमाल खिशात ठेवला. ड्रम राहिला.

दोन-अडीच महिन्यांनी तेच सुमंत रिकामा डबा घेऊन गच्चीवर आले. “यमुताई, थोडं खत भेटन का? आमची तुळस सुकून राहिली.” मग हसून म्हणाले, “रस्सा नाही ना त्यात?”

“नाही जी. पण हाय तुमच्याच घरचं.”

यमुताईंनी ओंजळीनं डबा दाबून भरून दिला. शेजारच्या कुंडीत मिरचीची दोन-दोन पानांची रोपं वर आली होती.

सुमंत गेले. कणीक मळायची वेळ झाली होती, हात धुवायला हवे होते. नळ सोडण्याआधी यमुताईंनी ओंजळ नाकाशी नेली. भिवापूरच्या वावराचा वास होता.