शिरगणतीच्या दिवशीची पंगत

उमराव कोणाला सुपारीचं खांड फुकट देणारा नव्हे. नात्यानं माझा चुलत दीर, शेजारच्या बेहेरटोल्याचा पाटील. सन एकतीसची शिरगणती तोंडावर आली तसा तो आमच्या चिचटोल्यात घरोघर फिरला. "गुरुवारी सगळे या. दंडार ठेवली, पंगत ठेवली. चूल पेटवू नोका."

नाचगाण्याचं नाव काढलं की आमचं गाव वेडं. सगळे हरखले. मी मात्र त्याच्या दातांकडे पाहत राहिले. एवढे दात त्यानं मला कधी दाखवले नव्हते.

शिरगणतीला मास्तर नेमला होता. त्याला मी ओट्यावर बसवलं.

"मास्तर, गुरुवारी माणूस जिथं सापडंल, तिथंच लिवणार का?"

"हो आजी. दिवेलागणीला जिथं सापडेल तिथं."

"अन् गोंदियाची नवी सडक कोणत्या गावावरून जाणार?"

"ज्या गावात माणसं जास्त, त्या अंगानं सडक येईल अन् नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, होईल म्हणतात."

झालं. आमचं गाव जेवायला बोलावून उमराव सडक गिळणार होता. मागच्या आखाडात माझी थोरली सून बाळंतपणात अडली आणि गोंदियाच्या दवाखान्यात नेताना नाल्याकाठी बंडीतच जीव सोडला. पाणी उतरेना, बैल पाय टाकेनात, पलीकडे गोंदियाची वाट दिसत होती. आता धाकटी शामकला पोटुशी आहे आणि दिवस भरणार ते पुन्हा पावसातच.

उमरावनं सांगितलेल्या दंडारीचा म्होरक्या खेमराज माझ्या माहेरचा. मी लेकाला, बिसरामला, पिटाळलं. "त्याले सांग, आत्यानं जेवाले बोलावलं. वाट आपल्याच गावावरून आहे."

गुरुवारी खेमराजची मंडळी दुपारी जेवली आणि माझ्याच खळ्यावर ढोलकी वाजू लागली. ढोलकीचा आवाज बेहेरटोल्यात गेला. तिथली माणसं थोडीच घरी बसतात! लेकरं काखेत घेऊन बाया, म्हातारे, सगळे शेताच्या धुऱ्यानं पळत आले. शेवटी आला उमराव, नाक लाल करून.

"काऊन रे खेमराज? तुले मी बोलावलं होतं ना?"

"काका, आत्याच्या घरचा भात खाल्ला. आता पाय दुसरीकडं जाऊन नाही राहिले."

लोक हसले. उमराव ओरडला, "चला रे, घरी चला सगळे!"

तोवर मी पत्रावळी मांडल्या होत्या. आमच्यात पंगतीतला वडील उठल्याशिवाय दुसरा उठत नाही. उठला तर वाढणाऱ्या घराशी जन्माचं वैर. म्हणून पहिल्या पानावर मी बेहेरटोल्याच्याच दुधराम बुढ्याला बसवलं. तोंडात एकही दात नाही. एक घास चघळायला त्याला केवढा वेळ लागतो ते मला ठाऊक.

"बसा भाऊजी," मी उमरावला म्हटलं. "का वयनीच्या हातचं चालत नाही?"

चारचौघांत तो नाही कसा म्हणेल? बसला. शामकला भात वाढत राहिली, दुधराम चघळत राहिला. उमराव एकदा सूर्याकडे पाही, एकदा त्या बुढ्याच्या जबड्याकडे.

दिवे लागले तसा मास्तर कंदील घेऊन आला. एकेका पानासमोर थांबत उमरावपाशी पोचला.

"नाव?"

"अरे, मी बेहेरटोल्याचा पाटील!"

"गाव नाही विचारलं. नाव सांगा."

हातातला घास तसाच ठेवून त्यानं नाव सांगितलं. मग माझ्याकडे वळला. "वयनी, तुमी माहं गाव खाल्लं."

"आमाले जेवाले तुमीच बोलावत होते ना? भात घ्या अजून."

चैतात सडकेचा साहेब आला. आमच्या चिंचेपासून नाल्यापर्यंत खुंट्या ठोकून गेला. लोक म्हणाले, आता काळजी गेली. कसली गेली? दुसऱ्याच सकाळी उमराव हात मागं बांधून त्या खुंट्यांच्या कडेनं फिरताना दिसला. म्हणे, पाहून राहिलो. खुंट्या उपटून आपल्या अंगाला ठोकायला त्याला एक रात्र पुरे.

मी बिसरामला खाट उचलायला लावली आणि नाल्याकाठच्या शेवटच्या खुंटीपाशी नेऊन टाकली. शामकलाचे दिवस भरेपर्यंत मी तिथंच आहे.