संघाने धरलेला अबोला

सकाळी आईने दोघा भावांपुढे चहा ठेवला. थोरला फुटबॉल संघाचा कर्णधार, धाकटा त्याच संघाच्या बचावफळीत.

"आई, त्याला सांग, त्याचे मोजे माझ्या पिशवीत आलेत."

धाकटा हातभर अंतरावर बसला होता.

"अरे, कान आहेत की त्याला! तूच सांग ना."

"शनिवारची मॅच संपेपर्यंत नाही. सरांचा हुकूम आहे."

मागच्या सामन्यात धाकट्याच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला होता. प्रशिक्षकांचा नियम जुना होता: ज्याची चूक, त्याला वाळीत टाकायचं. आठवडाभर कोणी त्याच्याशी बोलायचं नाही, सरावात चेंडू द्यायचा नाही, शेजारी बसायचं नाही. "लाज वाटली की पाय आपोआप पळतात," सर म्हणत. याच रीतीने त्यांनी दहा वर्षांपूर्वी करंडक आणला, असं सगळे अभिमानाने सांगत. त्यानंतर एकही आला नाही, हे कोणी बोलत नसे.

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही," वर्तमानपत्राआडून वडील म्हणाले.

"देवपण राहू दे," आई म्हणाली. "माझी पोरं माणसात राहू देत."

गुरुवारपासून धाकटा आईशीही बोलेना. ओट्यापाशी उभ्यानेच जेवायचा आणि ताट विसळून निघून जायचा. थोरल्याला ते दिसत होतं. त्याने मान खाली घातली आणि बूट पुसत राहिला.

शनिवारी शेवटची दहा मिनिटं उरली असताना एक उंच चेंडू गोलासमोर आला. धाकटा त्याच्यावर नजर ठेवून मागे सरकत होता. गोलरक्षक पुढे झेपावला. "सोड, माझा!" एवढं तो ओरडला असता तर धाकटा बाजूला झाला असता. पण सहा दिवसांची सवय. शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडला. दोघे एकमेकांवर आदळले. चेंडू घरंगळत जाळ्यात गेला. धाकट्याचा गुडघा भलतीकडेच वळला होता.

"बाळ्या! बाळ्या, बोल ना रे!" थोरला त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होता. सामना अजून संपलेला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, चालता येईल. खेळणं मात्र संपलं. धाकट्याने भिंतीकडे तोंड वळवलं.

सोमवारी सरांनी गोलरक्षकाकडे बोट केलं. "आजपासून हा."

थोरला उठला आणि गोलरक्षकाला खेटून बसला. "खांदा कसा आहे तुझा?"

"कर्णधाराची पट्टी काढ," सर म्हणाले.

त्याने ती काढून बाकावर ठेवली. बाकीचे बुटांच्या नाड्या बांधत राहिले. बांधलेल्याही पुन्हा बांधत राहिले. मोसमअखेर संघ तळाला गेला. व्यवस्थापनाने सरांनाच कायम ठेवलं: शिस्तीचा माणूस!

थोरला आता खेळाडूंच्या घरी जातो, वाळीत टाकण्याची ही रीत आईवडिलांना सांगतो. बहुतेक दारं "सरांनीच घडवलं हो आमच्या मुलाला" म्हणून लागतात. परवा एका दारात कणकेच्या हातांनी आलेल्या बाईने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग आतल्या बंद खोलीकडे पाहून तिने हळूच विचारलं,

"म्हणजे आमचा तीन महिने घरात एक शब्द बोलत नाही, तो यामुळे? आणि आम्हाला वाटलं, पोरगा शहाणा झाला."