धनेशाच्या ढोलीखाली

या, जरा जवळ सरका. टाळ घटकाभर खाली ठेवा. कीर्तनात पूर्वरंग झाला की बुवा आख्यान लावतात ना, तसं आज मोगराबाईचं आख्यान सांगतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. होळी नुकतीच होऊन गेलेली. भुसावळहून रेल्वेतले कौतिक नेहेते चार मंडळी घेऊन सातपुड्याच्या अभयारण्यात पाखरं बघायला, रानफुलांचे फोटो काढायला आले. माणूस असा, की मुंगीवरही पाय पडू देत नसे.

पाड्यावरच्या मोगराबाईला त्यांच्या गळ्यातल्या दुर्बिणी बघून हसू आलं. "पाखरं दखाले इतला लांब? चला, मी दखाडस."

तिने त्यांना स्वतःच्या मोहाच्या झाडाखाली नेलं. वर ढोलीत धनेशाची मादी दार लिंपून आत बसली होती, फटीतून नुसती चोच बाहेर. नर उंबरं आणून भरवत होता.

"दखा, बाई घरमा बठेल, नवरा खावाले लयी येस. मना नवरानी माले कधी एक बोर बी आनं नही!"

मंडळी हसली. नेहेत्यांचे मात्र डोळे भरून आले. "माउली आहे ही. पिल्लं उडेपर्यंत इथे कोणी फिरकायचं नाही." वनरक्षक चिंधाला सांगून त्यांनी झाडाभोवती दोरीच बांधून घेतली.

मोगराबाईचं हसू गेलं. "भाऊ, हाऊ मोह मना शे. फुलं पडाले लागनात. येचू नको तं पावसायामा पोरे काय खातीन?"

"अक्का, यंदापुरतं दुसरं झाड बघा."

"दुसरं झाड दुसरानं शे."

पाड्याची रीतच तशी. एकेक मोह एकेका घराचा. जो खालचा पाचोळा झाडून फुलं वेचतो, त्याचा. एक हंगाम वेचणी चुकली, की हक्क सुटला. तिने हेही सांगितलं. नेहेते म्हणाले, "लोक समजून घेतील हो."

पहाटे फुलं टपटप गळत. मोगराबाई दोरीबाहेर बसून बघे. माकडं खाऊन जात, चिंधा काठी टेकून उभा. नेहेते पुन्हा आले, जमिनीवर पालथे पडून त्यांनी फुलांच्या सड्याचा फोटो घेतला. जळगावच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. फोटोखाली नाव होतं, 'अस्पर्श'.

पिल्लं सुखरूप उडाली, देवाची कृपा.

पुढल्या फाल्गुनात पाड्यावरच्याच बिजलाने त्या झाडाखाली झाडू धरला. बिजला काही वाईट नव्हता, त्याच्याही घरी खाणारी तोंडं होती. मोगराबाई भांडली, रडली. पाड्याने रीत दाखवली. मग पोरं घेऊन ती सावद्याला केळीच्या बागेत मजुरीला गेली, ती परतलीच नाही.

धनेश वाचवला म्हणून नेहेत्यांचं नाव घेतात, घ्यावंही. पण बाबांनो, ज्या बाईने हौसेने ढोली दाखवली आणि झाड गमावलं, तिला विसरू नका. देवापुढे हात जोडाल तेव्हा एकदा मोगराबाईला आठवा.