चेतापेशी, इयत्ता नववी

चेतासंस्थेचा धडा नितीन सर घेतील, असं मुख्याध्यापक योगराज सरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. सुषमाने कारण विचारलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाही म्हणजे, त्यात मेंदूचं येतं."

"धडाच मेंदूचा आहे, सर," सुषमा म्हणाली आणि खडू घेऊन नववीच्या वर्गावर गेली.

तिचे वडील उखा मेंदूतली रक्तवाहिनी तुंबून गेले, त्याला सव्वा महिना झाला होता. उधन्याच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात सकाळी आपल्या पायांनी गेलेला माणूस पाळी सुटल्यावर चौघांनी उचलून रिक्षात घातला. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी विचारलं, हे सुरू कधी झालं? ते कुणालाच सांगता येईना. सांगू शकला असता असा माणूस एकच, शेजारच्या लूमवरचा सुपडू. पण तो तिरडीला खांदा देऊन गेला तो परत फिरकला नाही. सगळी गल्ली घरी येऊन, भिंतीला टेकून, गप्प बसून गेली. सुपडू आला नाही. सुषमाला त्याच्याकडून सांत्वन नको होतं. त्या दिवशी कारखान्यात काय घडलं, एवढंच तिला हवं होतं.

सुपडूची मुलगी रुपाली नववीतच होती. पहिल्या बाकावरून उठून ती महिनाभर शेवटच्या बाकावर बसत होती. दोघींपैकी कुणीही त्याबद्दल काही बोललेलं नव्हतं.

सुषमाने फळ्यावर चेतापेशी काढली. ती मुळांसकट उपटलेल्या मेथीच्या काडीसारखी दिसत होती. मग तिने वर्गाला व्हरांड्यात नेऊन एका रांगेत उभं केलं.

"तुम्ही प्रत्येक जण एक चेतापेशी. डाव्या हाताने निरोप घ्यायचा, उजव्या हाताने पुढे द्यायचा. पेशीच्या आत तो विजेसारखा पळतो. पण दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मधे फट असते. तिथे वीज थांबते आणि पेशी रसायन सोडते. हे फुटाणे म्हणजे ते रसायन."

फुटाणे वाटले गेले. पहिल्या मुलाच्या हातावर सुषमाने टिचकी मारली. त्याने शेजारणीच्या डाव्या हातात फुटाणा टाकला, तिने पुढच्याच्या. निरोप गोपालपर्यंत छान गेला आणि तिथे संपला.

"मॅडम, गोपालने निरोप खाल्ला!"

"पेशीला भूक नाही लागत का?" गोपाल अर्ध्या गुजरातीत म्हणाला. "सकाळपासून पोटात कशू नथी."

"लागते," सुषमा म्हणाली. "मेंदूला सगळ्यात जास्त लागते. त्याच्याकडे साठवण नसते. रक्त थांबलं की काही मिनिटांत पेशी मरायला लागतात. गोपाल, खाली बस. तुझं रक्त बंद झालं."

गोपाल आनंदाने मेला. रांग तिथे तुटली. त्याच्या अलीकडचे फुटाणे हातात धरून उभे राहिले, पलीकडचे रिकामे हात पुढे करून.

"मेंदूच्या डाव्या बाजूला असं झालं, तर बहुतेकांचा उजवा हात जातो आणि बोलणं जातं. समोरचा काय म्हणतोय ते कधीकधी सगळं कळत असतं, पण उत्तर देता येत नाही. ओळखायचं कसं? तीन गोष्टी करायला सांगायच्या. हसून दाखव. दोन्ही हात वर कर. एक वाक्य बोल. तोंड वाकडं झालं, एक हात खाली आला किंवा वाक्य नीट आलं नाही, तर तडक दवाखाना."

"मॅडम." रांगेच्या शेवटून रुपालीचा आवाज आला. "कारखान्यात असेल तर? तिथं लूम चालू असताना कुणी बोलतच नाही. खुणाच करतात."

सगळी रांग तिच्याकडे वळली. मेलेला गोपालसुद्धा उठून बसला.

"बोल," सुषमा म्हणाली.

रुपाली हातातल्या फुटाण्यांकडे बघत सांगू लागली. "जेवणानंतर उखादादांचा उजवा हात उचलेना. पप्पांना वाटलं, खांदा भरला असेल. कुणाला बरं नसलं की शेजारचा त्याचे लूम सांभाळतो. देखरेख करणाऱ्या मास्टरच्या ध्यानात आलं तर तो घरी धाडतो आणि दिवस बुडतो. म्हणून पप्पांनी दादांना मागच्या बाजूला गोण्यांवर बसवलं. स्वतःचे चार आणि दादांचे चार लूम त्यांनी एकट्याने चालवले. मास्टर दोनदा येऊन गेला, त्याला कळलंसुद्धा नाही." ती थांबली. "लगेच नेलं असतं तर, मॅडम?"

सुषमाला 'काही फरक पडला नसता' म्हणता आलं असतं. वर्ग त्याच उत्तराची वाट बघत होता.

"कदाचित वाचले असते," ती म्हणाली. "नक्की कुणीच सांगू शकत नाही. तुझ्या पप्पांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. म्हणून आता गृहपाठ. घरात जो कारखान्यात जातो, त्याला या तीन गोष्टी शिकवायच्या. त्याच्याकडून करवून घ्यायच्या."

तास संपला. उरलेले फुटाणे वर्गाने खाल्ले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुपडू दारात येऊन उभा राहिला. सुषमाची आई, सुभद्राबाई, तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं, पण 'ये' म्हणाली नाही. दुखवट्याच्या घरात म्हणत नाहीत. सुपडू आत आला, पण भिंतीला टेकला नाही. खोलीच्या मधोमध उभा राहून त्याने दात दाखवले आणि दोन्ही हात डोक्यावर नेले.

"काय करस रे सुपडू?" आई मुठीतले तांदूळ ताटात टाकत म्हणाली. "येडा व्हयी गया का?"

"रुपालीनी सांगेल शे, वहिनी. मॅडमले दखाडनं शे." बोलताना त्याने हसणं सोडलं नाही. त्या हसण्यात त्याचे डोळे कुठेच नव्हते.

सुषमा उठून त्याच्या समोर गेली. त्याच्या शर्टाला सुताचा बारीक कचरा चिकटला होता. तिने तोंडाच्या दोन्ही कडा पाहिल्या. हात पाहिले. दोन्ही एका उंचीवर होते.

"दोन बरोबर आहेत, काका," ती म्हणाली. "तिसरं राहिलं. वाक्य."

सुपडूचं हसणं गेलं. आईने ताटातला हात थांबवला.

"दादाले मीच बसाडी ठेवं," तो म्हणाला.

आईने पदर तोंडाला लावला. सुषमाने एकदा मान हलवली.

"स्पष्ट आहे," ती म्हणाली. "हात खाली घ्या, काका."