कोशाने पाहिलेला लाल शेरा

मित्रांनो, शिक्षकांच्या खोलीत, कपाटाच्या खालून दुसऱ्या फळीवर पाठ फाटलेला जो जाड ग्रंथ आहे, तो मी. मी साहित्यातील संज्ञांचा एक जुना कोश आहे. उपमा, रूपक, अतिशयोक्ती, प्रतीक अशी मंडळी माझ्या पानांत गुण्यागोविंदाने नांदतात. निर्जीव वस्तू सजीवासारखी वागू-बोलू लागली की तिला चेतनगुणोक्ती म्हणतात; म्हणजे मी आत्ता करतो आहे ते.

अक्षरांचा एकेक खिळा जुळवून मला छापले, सुताने शिवले. शाळेत आलो तेव्हा माझ्यासाठी शिक्षकांत ओढाताण होई. पुढे तयार उत्तरांची पुस्तके आली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली मी तीन वर्षे काढली. भाषेच्या नव्या बाईंनी मला तिथून सोडवले. त्यांचे माझ्यावर फार प्रेम होते, आणि घोटाळा त्या प्रेमातूनच झाला.

सातवीच्या वर्गाला त्यांनी ‘माझ्या वडिलांचे काम’ हा निबंध दिला होता. मधल्या सुट्टीत वह्या तपासताना एका ओळीवर त्यांचा हात थबकला. ‘बाबांचा बॉयलर हल्ली श्वास रोखून धरतो आणि मग एकदम ओरडतो.’ बाईंनी माझे पान उघडून खात्री केली, समासात लाल शाईने लिहिले, ‘चेतनगुणोक्ती. उत्तम’, आणि ती ओळ गणिताच्या सरांना वाचून दाखवली.

‘माझ्या तासाला ही पोर फक्त भागाकार रोखून धरते,’ सर म्हणाले.

वही न्यायला ती मुलगी आली. कानावर पडेल ते टिपून घेते म्हणून सगळे तिला टिपकागद म्हणत. शेरा वाचूनही तिचा चेहरा खुलला नाही.

‘बाई, हे मी रचलेलं नाही. बाबा आईला सांगत होते.’

बाईंनी तिला शेजारी बसवले आणि ते वाक्य शब्दाशब्दाने सोडवायला घेतले. श्वास म्हणजे वाफ. जादा वाफ बाहेर सोडणारी झडप अडकते, म्हणून तो रोखला जातो. मग ती उशिरा, धाडकन उघडते, तेच ओरडणे. कालपासून मात्र बॉयलर ओरडलाच नव्हता. वडिलांनी कारखान्याच्या मुकादमाला दोनदा सांगितले होते. माल रवाना झाल्यावर बघू, असे उत्तर मिळाले होते. मुकादमाच्या हुकमाशिवाय भट्टी विझवायची सोय नव्हती.

‘आत्ता कुठे आहेत बाबा?’

‘त्याच्याच शेजारी. सकाळची पाळी आहे.’

बाईंनी कारखान्याला फोन लावला. मुकादमाचे हसणे माझ्यापर्यंत पोचले. ‘बाई, पोरीच्या निबंधावरून भट्टी विझवू म्हणता?’

‘निबंध बाजूला ठेवा. झडप अडकली आहे. स्वतः जाऊन दाबाचा काटा बघा, नाहीतर मी बॉयलर निरीक्षकांना फोन करते.’

पलीकडे फोन टेबलावर आदळला. टिपकागदने टेबलाची कड घट्ट धरली होती. बाईंचे बोट अजून माझ्या त्याच पानात होते. मित्रांनो, मला माझ्या साडेसहाशे पानांची तेव्हा लाज वाटली. एवढ्या संज्ञा पोटात बाळगून मी त्या पोरीला एका शब्दाचाही धीर देऊ शकत नव्हतो.

बऱ्याच वेळाने फोनवर दुसराच आवाज आला, दमलेला.

‘तिचा बाप बोलतोय. काटा लाल रेघेला टेकला होता. मुकादमांनी पाहिला, भट्टी विझवली. काटा उतरतोय आता. तिला म्हणावं, डबा खाऊन घे.’

बाईंनी वही पुन्हा पुढे ओढली. ‘उत्तम’ खोडले आणि खाली लिहिले, ‘मी आधी विचारायला हवे होते.’

मित्रांनो, माझी पाने दुमडू नका, मला टेबलाखाली घालू नका, ही विनंती आहेच. पण त्याहून मोठी विनंती ऐका. कोणी तुम्हाला सांगितले की अमुक गोष्ट श्वास रोखते, तर त्या बोलण्याचे नाव शोधायला माझ्याकडे धावू नका. आधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, कधीपासून. मी फळीवरच आहे. मला थांबता येते.