दत्तादाच्या खळ्यातली वायर

मुंबईत कॉम्प्युटर लाइनमध्ये दहा वर्षं काढून गावाला परतलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, म्हणून तो आपणच सांगत सुटतो. मी, सुशांत, त्यातलाच. तारकर्लीला रस्त्यालगत आमच्या पाहुण्यांसाठीच्या खोल्या आहेत आणि मागे घर. इंटरनेट रस्त्यावरून खोल्यांत येतं आणि तिथल्या राउटरपासून एकच वायर मागे घरात जाते. मध्यंतरी घरातलं नेट दोनदा बंद पडलं. दोन्ही वेळा मी राउटर बंद करून चालू केला आणि थोड्या वेळाने नेट आलं. माझ्या हाताला गुण आहे, हे मी घरभर ऐकवलं.

माझी बायको संचिता. तिच्या मुंबईतल्या कंपनीने तिला गावाहून काम करायला परवानगी दिली, पण एका अटीवर: तिच्या कामाचं नेटवर्क पाहुण्यांपासून वेगळं हवं. सोमवारी त्यांचा माणूस ऑनलाइन तपासणार होता. नापास झालो तर ती परत मुंबईला, आणि मी इथे पाहुण्यांसाठी सुरमईचे तुकडे तळत एकटा. तिचे साहेब व्हिडिओ कॉलवर हे सांगत असतानाच मी मध्ये तोंड घातलं, "काळजी नको सर, आमचा राउटर व्हीलॅन ट्रंकिंग करतो." साहेब खूश झाले.

"तू बघलंस तरी काय?" कॉल संपल्यावर संचिताने विचारलं.

"बघूक कित्याक व्हया?"

व्हीलॅन म्हणजे वेगळं काढलेलं नेटवर्क, आणि ट्रंकिंग म्हणजे एकाच वायरीतून अशी दोन नेटवर्कं नेणं. तळेऱ्याच्या फाट्यापर्यंत एसटी एकच असते. पुढे कोण देवगडचा आणि कोण विजयदुर्गचा, ते तिकिटावरून कळतं. तसंच हे. पण वायरीच्या दोन्ही टोकांना तिकीट वाचता यायला हवं, आणि आमच्या राउटरला ते येतं की नाही हे मला माहीत नव्हतं.

"त्यापेक्षा हिच्यासाठी वेगळी लाइन घे, दुसरी वायर टाक," असं कोणीही म्हणेल. संचिता तर रोजच म्हणत होती. पण खोल्या आणि घर यांच्यामध्ये माझ्या चुलत भावाचं, दत्तप्रसादचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, आहे. त्याने नुकत्याच सारवलेल्या खळ्यात आमच्या पाहुण्यांनी गाडी घातली, आणि मी वर त्यालाच म्हटलं, "पाहुणे आसत, समजून घे." तेव्हापासून आमचं बोलणं बंद. त्याच्याशी एक वाक्य बोलण्यापेक्षा ट्रंकिंग शिकणं मला सोपं वाटलं.

शनिवारी राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं. "व्हीलॅन" हा शब्द दिसताच मी संचिताच्या हातावर साखर ठेवली. खाली एकच चौकोन होता, एकच आकडा टाकायचा. मी टाकला. मग घरात तिच्या लॅपटॉपवर पाहिलं, तर मीटिंग कुठल्या पडद्यावर दाखवू असं तो विचारत होता आणि खोली नंबर दोनचा टीव्ही सुचवत होता. म्हणजे सगळे अजून एकाच नेटवर्कात. मग राउटरच्या कंपनीचं माहितीपत्रक वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं. तो चौकोन बाहेरून येणाऱ्या लाइनसाठी होता. घराकडच्या बाजूला ट्रंकिंग नाही. कुडाळच्या दुकानात विचारलं, तर दुसरा राउटर मागवायला आठवडा लागणार होता. नवीन लाइनवाला मात्र म्हणाला, "उद्या दुपारी येतो. मधल्या जागेवाल्याला तेवढं विचारून ठेवा."

संचिताने माळ्यावरची बॅग खाली काढली.

रविवारी सकाळी मी खळ्याच्या कडेला उभा राहिलो. दत्तादा नारळ सोलत होता.

"दादा, त्या दिवशी माझा चुकला. पाहुण्यांका मी अडवूक व्हया होता. आता माका दुसरी वायर टाकूची आसा."

"ह्या सांगूक इतके दिवस लागले?"

"राउटर ट्रंकिंग करता काय, ता बघी होतंय."

"मगे? करता?"

"नाय."

तो एवढा हसला की कोयता त्याला खाली ठेवावा लागला. "टाक वायर. पण जमिनीतसून पायपात घाल. वरसून टाकलंस तर माकडां तोडतत. ही आदली दोनदा तोडल्यानी. मीच जोडलंय."

मी वर पाहिलं. वायरीला दोन ठिकाणी काळी टेप नीट गुंडाळलेली होती. ते हात माझे नव्हते.

"माका सांगलंस कित्याक नाय?"

"आपण बोलत खंय होतो?" म्हणत त्याने नारळ पुन्हा हातात घेतला.

घरी आलो तेव्हा संचिता दारात उभी होती. तिला म्हटलं, "दादान हो म्हटल्यान. आणि गो, माझ्या हाताक गुण-बिण काय नाय."

"ता माका ठावक आसा," बॅग परत माळ्यावर ढकलत ती म्हणाली. "दोनव येळा दादाची शिडी मीच धरलेलंय."