टाकी रिकामी, बंब उंच

लाकडाची वखार जळाली तेव्हा त्या उपनगरात फायर स्टेशन नव्हतं. शहरातून निघालेला बंब रेल्वे फाटकाशी अडकला, मालगाडी आपल्या चालीने गेली, आणि बंब पोचेपर्यंत वखारीची राख झाली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मग बेकरीवाला, लाँड्रीवाला आणि शाळेतले ड्रिलमास्तर अशा हौशी मंडळींनी एक शेड उभी केली आणि हातपंपाची गाडी आणली. दार गाडीच्या मापाचं ठेवलं. गाड्या पुढे वाढतील हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

पुढे लॉरी आली, तेव्हा दार रुंद केलं. मग आणखी उंच लॉरी आली. तोवर वर जवानांच्या खोल्या झाल्या होत्या, दारावरची तुळई हलवायची सोय उरली नव्हती. छप्पर वर जात नाही ना, मग जमीन खाली नेऊ, असं ठरवून त्यांनी फरशी खणली. त्यानंतर दर नव्या बंबाला फरशी थोडी खाली जाई. शेवटी खडक लागला आणि खणणं थांबलं.

आता तिथे लाँड्रीवाल्याची नात प्रमुख होती. सगळे तिला कॅप्टनबाई म्हणत. नवा बंब यायचा होता तेव्हा दलाच्या मोठ्या साहेबांनी सरळ सांगितलं होतं, "दारातून आत गेला तर ठीक, नाहीतर स्टेशन फाटकापलीकडच्या नव्या इमारतीत." फाटक लागलं की काय होतं, ते कॅप्टनबाईंनी आजोबांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. बंब आल्यावर त्यांनी स्वतः टेप लावून पाहिली. वरच्या शिडीसकट दोन बोटं वाचवून बंब आत गेला. त्यांनी ऐटीत कळवलं, "मावतो."

साहेब पाहणीला आले त्याच दुपारी गादीवाल्याच्या दुकानात आग लागली. बंब धावला, आग विझली, माणसं सुखरूप. चेहरे काळे करून जवान हसत परतले. साहेब चहाचा कप घेऊन दारात उभे होते. ड्रायव्हर वाऱ्यासारखी गाडी हाकायचा म्हणून सगळे त्याला हळूभाऊ म्हणत. त्याने झोकात बंब मागे घेतला.

खट्! शिडी तुळईला लागली.

"बाई, सकाळी तर गेला होता!" हळूभाऊ ओरडला.

कॅप्टनबाईंनी कपाळावर हात मारला. माप घेतलं तेव्हा टाकी भरलेली होती. आता पाणी संपलं होतं आणि हलका झालेला बंब स्प्रिंगांवर उंच उभा होता. अख्ख्या अग्निशमन दलात एवढी साधी गोष्ट कुणालाही सुचली नव्हती! भरायला पाणीही नव्हतं. परिसरातल्या पाण्याचा सगळा दाब आगीने खाल्ला होता, नळ संध्याकाळीच येणार होते.

"बाई, मला खरंच वाईट वाटतंय," साहेब म्हणाले, "पण बंब रस्त्यावर ठेवता येणार नाही."

कॅप्टनबाईंना लाज तर वाटत होतीच, पण त्याहून मोठी भीती होती ती फाटकाची.

तेवढ्यात समोरून बेकरीवाल्या काकू पिठाचे हात झटकत आल्या. "पाणी नाही तर वजन घाला. माणसं काय कमी आहेत? मी मागे बसले की आमच्या ह्यांची स्कूटर जमिनीला टेकते!"

अख्खी गल्ली हसली आणि चढली. केबिनमध्ये शिंपी, दोन शिक्षिका आणि न्हावी कोंबून बसले. गादीवाला धुराने काळा झाला होता, पण तोही चढला. जवान बाजूच्या पायऱ्यांवर लटकले. "टपावर कुणी बसू नका, डोकी तुळईला लागतील!" कॅप्टनबाई ओरडल्या. बंब कुरकुरत खाली बसला. हळूभाऊने वाकून पाहिलं. "अजून थोडंसं राहिलं."

काकूंनी केबिनमधूनच रस्ताभर नजर फिरवली. उभा असा एकच माणूस उरला होता, आणि तो चांगला भारदस्त होता.

"साहेब, चढा."

"मी? मी पाहणीला आलोय."

"मग आतून पाहा की!"

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं, कप कट्ट्यावर ठेवला आणि शिंप्याच्या मांडीवर जागा करून घेतली. स्प्रिंगांनी सुस्कारा सोडला. हळूभाऊने जन्मात पहिल्यांदा हळू गाडी हाकली. बंब आत गेला आणि टाळ्यांनी शेड दणाणली.

साहेब घाम पुसत उतरले. कॅप्टनबाई पुढे झाल्या. "साहेब, माप चुकलं ते माझं. 'मावत नाही' असं कळवायचं असेल तर कळवा."

"कसं कळवू, बाई? मी त्यातच बसून आत आलोय ना!" साहेबांनी शेडभर पसरलेल्या गल्लीकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "बाहेर एक पाण्याची टाकी बसवून घ्या. परत येताना बंब भरून आत न्यायचा. आणि नव्या इमारतीत ठेवा आमच्या फायली, त्यांना कुठे घाई असते?"

कॅप्टनबाईंना रडू फुटलं. काकूंनी त्यांना पिठाच्या हातांनीच जवळ घेतलं, आणि काळ्या गणवेशावर पाच पांढरी बोटं उमटली. कॅप्टनबाईंनी तो गणवेश त्या दिवशी धुवायला टाकला नाही.